ऑफ सीझनचे पेंटर

मोरगावच्या मयुरेश्वरावरचा शेंदूर हे आमच्या कऱ्हाकाठचं सगळ्यात जुनं रंगकाम, असं मी मानतो. शेंदूर तेलात कालवायचा, मूर्तीला चर्चायचा, थरावर थर बसत जातो. पिढ्या उलटल्यावर ते कवच आपसूक गळतं आणि आतली लहान मूर्ती दिसते, असं मोरगावात सांगतात. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. हाच शेंदूर अळशीच्या तेलात कालवून जगभरच्या पुलांना, बोटींना, टाक्यांना गंज धरू नये म्हणून पहिला हात दिला जायचा. माझ्या वडिलांच्या पिढीनं साखर कारखान्याच्या लोखंडाला तोच मारला. त्यातलं शिसं अंगात मुरतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम देशात लागू झाला तो नोव्हेंबर २०१७मध्ये.

मी बारामतीत रंगकामाचे ठेके घेतो. वडीलही हेच करायचे. त्यामुळं या धंद्यात माणूस येतो कसा आणि जातो कसा, हे मी घरातच बघत आलो.

आधी घराचं रंगकाम बायकांकडे होतं. दिवाळीच्या तोंडावर पांढरी माती भिजवायची, भिंती पोतारायच्या, खाली गेरूचा पट्टा ओढायचा. वाड्यांना आणि देवळांना चुना लागायचा, तो गवंड्याच्या हातचा. पेंटर नावाचा वेगळा माणूस इकडे लागला तो लोखंड आल्यावर. नीरा डावा कालवा १८८५मध्ये वाहू लागला, त्याच्या पाण्यामागून ऊस आला आणि १९३०च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या रानात साखर कारखाना उभा केला. तेच आजचं वालचंदनगर. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर इथं सहकारी कारखाने झाले. चिमण्या, मळीच्या टाक्या, पॅन, गव्हाण, हजारो फूट पाइप, सगळं लोखंडच. रस स्वच्छ करायला चुना आणि गंधकाचा धूर वापरतात. तो धूर, वाफ आणि आंबट रस मिळून पत्रा खातात. दरसाल रंग दिला नाही तर कारखाना टिकत नाही.

हे काम करायला माणसं आली कुठून? वडील सांगायचे, बैलगाड्या रंगवणाऱ्या सुतारांची पोरं आली, गणपती रंगवणारे कुंभार आले, दुकानाच्या पाट्या लिहिणारे आले. भाचा, मेव्हणा, शेजारचा मुलगा, असं एकानं दुसऱ्याला आणलं. पोरगं आधी डबे धुवायचं, मग घासाई, मग लांबी भरायची आणि दोन-तीन हंगामांनंतर ब्रश हातात मिळायचा. कुठं अर्ज नव्हता, परीक्षा नव्हती. उस्तादानं "घे ब्रश" म्हटलं की झाली भरती.

आमचा हंगाम कारखान्याच्या उलटा. गळीत संपलं की आमचं सुरू आणि बॉयलर प्रदीपनाच्या दिवशी संपलंच पाहिजे. म्हणजे निम्मं काम पावसाळ्यात. खरवडणीनं जुने पापुद्रे काढायचे, वायर ब्रशनं उघडं लोखंड चकाकेपर्यंत घासायचं आणि दिवस मावळायच्या आत रेडऑक्साइडचा हात द्यायचा, कारण दमट हवेत उघड्या लोखंडावर रात्रीतच गंज चढतो. हे रेडऑक्साइड म्हणजे गेरूच, लोखंडाचं ऑक्साइड. आमच्या आज्यांनी भिंतीला लावला तोच पदार्थ. वडील सकाळी पत्र्याला उलटा तळहात लावायचे, मग गाल लावायचे. गार ओलसर लागला तर सगळी टोळी बसवून ठेवायचे, मॅनेजर कितीही ओरडला तरी. आज मोठ्या कामावर इंजिनिअर दवबिंदू मोजायचं यंत्र आणतो. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश गरम हवा, तरच रंग, हा त्याचा नियम. वडिलांचा गाल तेच मोजत होता. ही विद्या होती, आणि ती कुठंही लिहिली गेली नाही याचं मला फार वाईट वाटतं.

रंग बनवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. देशातला पहिला रंगाचा कारखाना, शालिमार, १९०२मध्ये हावड्याजवळ निघाला. १९२०मध्ये मुंबईत लोअर परळला गहागन कंपनी आली, तीच पुढची नेरोलॅक. १९४२मध्ये, महायुद्धात बाहेरचा माल अडला असताना, चार मित्रांनी गिरगावात एशियन पेंट्स सुरू केली. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३चा, नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था १९४२ची. तिथून रंगाचे रसायनतज्ज्ञ शिकून बाहेर पडले आणि कंपन्यांनी त्यांना उचललं. डब्यात रंग घालणाऱ्याला पदवी मिळाली, डब्यातून काढणाऱ्याला नाही.

बारामती एमआयडीसीत १९९९च्या सुमारास पियाजिओच्या तीनचाकी गाड्या बनू लागल्या, २०१२मध्ये व्हेस्पाही आली. २०१३मध्ये नीरेपलीकडे खंडाळ्याला एशियन पेंट्सचा मोठा कारखाना उभा राहिला. गाडीच्या पेंट शॉपमध्ये सांगाडा आधी धुतात, फॉस्फेटमध्ये बुडवतात, मग विजेच्या जोरावर प्रायमर चिकटवतात आणि भट्टीत भाजतात. थर मायक्रॉनमध्ये मोजतात. असल्या कामाला आयटीआय झालेला, डिप्लोमावाला किंवा रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेला मुलगा लागतो. आमच्या टोळीत वाढलेल्या पोराकडे कागद नव्हता, त्यामुळं ज्याला रंगाची सगळ्यात जास्त ओळख तोच गेटबाहेर राहिला. त्याच सुमारास फ्लेक्स आला आणि पाट्या लिहिणारे घरी बसले. म्हणजे जिथून चांगले हात यायचे, तो झराच आटला.

आता माझ्याकडे निम्मी मुलं उत्तर प्रदेश-बिहारची आहेत. कामाला चोख आहेत, पण छटपूजेला गावी गेली की कधी येतील याचा नेम नाही. इथली मुलं येत नाहीत, आणि त्यांचं काही चूक नाही. लग्न जमवताना पहिला प्रश्न "कंपनीत आहे का?" हाच असतो. त्यात काम जोखमीचं. एका कारखान्यात मळीच्या टाकीत आतून रंग देताना थिनरच्या वासानं माझा एक हेल्पर बेशुद्ध पडला. हवा खेळवायला पंखा मागितला होता, तो मिळाला नव्हता. दोरानं ओढून काढला म्हणून वाचला. नंतर तो पोरगा किराणा दुकानात लागला. त्याला परत बोलवायचं धाडस मला झालं नाही.

आणि काम तर पूर्वीपेक्षा अवघड झालंय. इपॉक्सीचे दोन डबे ठरल्या प्रमाणात मिसळायचे, ठरल्या वेळेत संपवायचे. प्रमाण चुकलं तर रंग वाळतच नाही आणि वेळ चुकली तर डब्यातच दगड होतो. हे हेल्परकीत बघून बघून येत नाही, शिकवावं लागतं. आयटीआयमध्ये पेंटर जनरल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, आठवी पास मुलाला घेतात. पण आमच्याकडची मुलं फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियनलाच रांग लावतात, कारण पेंटरच्या सर्टिफिकेटवर नोकरी लागलेला कुणी त्यांनी पाहिलेला नाही.

साखर कारखान्यांनी हे बदलावं, असं माझं म्हणणं आहे. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा आहेच. फिटरला जसं अ‍ॅप्रेंटिस घेतात तसं ऑफ सीझनला पेंटरला घ्या. ठेक्याच्या कागदावरच लिहा की परांची, पट्टा आणि टाकीतला पंखा कारखान्याचा, आणि टोळीत दर पाच माणसांमागं एक शिकाऊ, पगारी. मी माझ्या पुढच्या ठेक्याच्या मसुद्यात ही कलमं घातली आहेत. पंख्याचं कलम पहिलं आहे.