तगरच्या गाड्यांपासून घडीच्या बाबागाडीपर्यंत

१/ तुळजापूरला महाद्वारातून आत शिरले की भवानीमातेच्या मंदिराकडे जाणारी वाट पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते. द्वारापर्यंत बाबागाडीत बसून आलेले मूल येथे कडेवर येते आणि गाडी हातात. जी ओझे वाहत होती, तीच पहिल्या पायरीपाशी ओझे होते. हलक्या, घडीच्या बाबागाडीचा इतिहास म्हणजे याच अडचणीवर शोधलेल्या उत्तराचा इतिहास. 🧵

२/ चाक आणि रस्ता यांचे भांडण धाराशिव जिल्ह्याला नवे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ या मोठ्या नगराचा उल्लेख आहे. तेथील कापड गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून भडोच बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजेच आजचे तेर.

३/ माल गाडीने जाई. मूल मात्र माणसाच्या अंगावरच राही. कडेवर, पाठुंगळी, नाहीतर झोळीत. झोळी म्हणजे लुगड्याचा एक तुकडा. शेतात बाभळीला बांधली की पाळणा. काम संपले की घडी घालून खांद्यावर. आजही ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची तान्ही मुले फडाच्या कडेला अशाच झोळीत निजतात. घडी होणारे, जवळजवळ वजनरहित असे हे साधन चाकाशिवायच सिद्ध झाले होते.

४/ युरोपात बाबागाडीचा जन्म सोयीसाठी नव्हे, तर ऐटीसाठी झाला. १७३३ मध्ये विल्यम केंट या वास्तुकाराने ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची छोटी गाडी घडवली. ती शेळीने किंवा लहान तट्टाने ओढायची होती. उद्यानातील सपाट वाट आणि हाताशी नोकर असताना वजनाची चिंता कोणाला?

५/ एकोणिसाव्या शतकात गाडीला मागून ढकलण्याची मूठ आली. १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या आफ्रिकी-अमेरिकी संशोधकाने बाळाचे तोंड आईकडे किंवा रस्त्याकडे फिरवता येईल अशा गाडीचे पेटंट मिळवले. गाडी वळायला सोपी झाली. पण उचलायची झाली, तर ती जडच होती.

६/ याच सुमारास बार्शीजवळ हलकेपणाचा एक मोठा प्रयोग चालू होता. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. रूळ अवघ्या अडीच फूट रुंदीचे. गाडीचा भार सर्व आसांवर सारखा वाटायचा आणि एका आसावर ५ टनांहून अधिक पडू द्यायचा नाही, हे तिचे सूत्र. म्हणून हलक्या, स्वस्त रुळांवरही ती भरपूर माल व माणसे वाही. १९११ पर्यंत ती येडशीवरून लातूरला पोहोचली.

७/ कॅलथ्रॉपची पुढची कामगिरी त्याहून विलक्षण. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स (रोल्स-रॉइसमधील रोल्स) विमान अपघातात गेला. त्यानंतर कॅलथ्रॉप वैमानिकांसाठी पॅराशूट तयार करण्याच्या मागे लागला. जीव वाचवणारी वस्तू हलकी असली पाहिजे आणि घडी होऊन थोड्या जागेत मावली पाहिजे, ही विमानयुगाची शिकवण होती.

८/ बाबागाडीला ही शिकवण दिली ओवेन मॅक्लॅरेन या दुसऱ्या इंग्रज अभियंत्याने. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या मिटणाऱ्या चाकांच्या यंत्रणेवर त्याने काम केले होते. परदेशाहून आलेल्या मुलीची, नातवंडाची जड गाडी नेताना होणारी ओढाताण त्याने पाहिली. १९६५ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. १९६७ मध्ये गाडी विक्रीस आली. ॲल्युमिनियमच्या नळ्या, छत्रीसारखी घडी आणि वजन सुमारे ६ पौंड, म्हणजे ३ किलोंहूनही कमी!

९/ ही केवळ वजनातली घट नव्हती. बस, आगगाडी, जिना या ठिकाणी एकट्या आईला दुसऱ्याच्या मदतीवाचून जाता येऊ लागले. एका हातात मूल, दुसऱ्या हातात मिटलेली गाडी. शेळी आणि नोकर दोन्ही इतिहासजमा झाले.

१०/ मात्र घडी म्हटली की बिजागरी आली, आणि बिजागरीत बोट सापडू शकते. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लॅरेन कंपनीच्या सुमारे १० लाख गाड्यांसाठी बिजागरीवर बसवायची आवरणे द्यावी लागली, कारण गाडी उघडताना काही मुलांच्या बोटांची टोके तुटली होती. तेव्हापासूनचा साधा धडा : गाडी उघडताना व मिटताना मूल हातभर दूर हवे.

११/ धाराशिवमध्ये गाडी निवडणाऱ्याला हा इतिहास उपयोगी पडतो. दुकानात मूल कडेवर घेऊन एका हाताने घडी घालून पाहावी आणि ती घेऊन जिना चढावा. एसटीची पायरी याहून सोपी नसते. चाके फार लहान असतील तर ती खडीत रुततात. उघडल्यावर पक्की बसणारी दुहेरी कडी, चांगला ब्रेक आणि खांदे, कंबर व पाय धरणारा पाच टोकांचा पट्टा असावा. मान न सावरलेल्या बाळासाठी पाठ पूर्ण आडवी होणारीच गाडी घ्यावी. छत्रीच्या घडीच्या अनेक गाड्यांत ती सोय नसते. मुठीला जड पिशव्या अडकवू नयेत, गाडी मागे उलटते.

१२/ बार्शीची छोटी रेल्वे आता ब्रॉडगेज झाली आहे आणि धाराशिव शहरालाही स्थानक मिळाले आहे. तुळजापूरच्या पायऱ्या मात्र जागच्या जागीच आहेत. तिथे गाडीची खरी किंमत ती किती छान चालते यावर ठरत नाही. चालेनाशी झाल्यावर ती किती सहज उचलता येते, यावर ठरते. झोळी बांधणाऱ्या आईला हे कोणी शिकवावे लागले नव्हते. 🙏