वहीतला रोल नंबर

मालवणात फोटो जपण्याची आमची पहिली रीत वहीची. भरडावरच्या स्टुडिओत वडील प्रत्येक रोलला नंबर द्यायचे आणि त्यापुढे तारीख, गाव, वाडी, घर आणि निमित्त लिहायचे. धुतलेला रोल सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्यांत कापून बटरपेपरच्या पाकिटात जायचा, पाकिटावर तोच नंबर. रंगीत रोल धुवायला एसटीने कोल्हापूरला जात, ते परत येईपर्यंत दारात रोज कोणीतरी विचारायचं, "लग्नाचे फोटो इले काय?" इथल्या दमट हवेत निगेटिव्हवर बुरशी चढते, म्हणून पावसाळाभर कपाटात बल्ब पेटता असे.

या वहीची खरी किंमत गणपतीत कळायची. मुंबईहून आलेला चाकरमानी वारलेल्या आजीचा फोटो मागायचा. वाडी आणि लग्न कोणाचं एवढं सांगितलं की वडील पट्टी काढून द्यायचे.

2004 मध्ये निकॉनचा डी70 बाजारात आला, पाठोपाठ आमच्याकडेही डिजिटल कॅमेरा आला आणि 'कार्ड खाली करणं', म्हणजे मेमरी कार्डवरचे फोटो कॉम्प्युटरवर घेणं, हे नवं काम सुरू झालं. डिजिटल कॅमेऱ्यांच्या फायलींची मांडणी जपानी कंपन्यांनी 1998 मध्येच ठरवून टाकली होती: डीसीआयएम नावाचं फोल्डर, आठ अक्षरांचं नाव, शेवटी चार आकडे. 9999 झाले की पुन्हा 0001. म्हणजे आंगणेवाडीची जत्रा आणि कणकवलीचं लग्न यांच्या फायली एकाच नावाच्या निघू शकतात, आणि एका फोल्डरमध्ये टाकताना एकीवर दुसरी बसू शकते.

हा गुंता इम्पोर्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरने सोडवला. फोटोच्या पोटात कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख वाचून ते फोल्डर पाडतं, आधी घेतलेला फोटो पुन्हा घेत नाही. 2004 मध्ये गुगलने विकत घेतलेलं पिकासा फुकट होतं, साध्या कॉम्प्युटरवर चालायचं. 2007 मध्ये अडोबीचं लाइटरूम आलं. त्याच्या कॅटलॉगमध्ये मूळ फोटो नसतोच. तो कुठे ठेवलाय याचा पत्ता आणि त्यावर केलेलं काम असतं. फोल्डर बाहेरून हलवलं की पत्ता तुटतो.

2016 मध्ये गुगलने पिकासा बंद केलं. फोटोखाली लिहिलेल्या ओळी पिकासाने जेपेग फायलीतच लिहिल्या होत्या, म्हणून त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता आल्या. अल्बमची जुळवाजुळव मात्र त्याच्या स्वतःच्याच नोंदींत होती. तेव्हापासून माझं ठाम मत आहे: माहिती फायलीतच लिहावी, आणि कार्ड खाली करतानाच लिहावी. दोन महिन्यांनी करवलीचं नाव कोणालाच आठवत नाही. सॉफ्टवेअरला तारीख कळते, वाडी कळत नाही. आणि तारीखही कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असेल तरच खरी. लग्नाला दोन कॅमेरे असले तर आम्ही आधी दोन्हींची घड्याळं जुळवतो.

सध्या मी वडिलांच्या निगेटिव्ह स्कॅन करतोय. स्कॅन केलेल्या फायलीवर आजची तारीख पडते, त्यामुळे सत्तरच्या दशकातली बंदरावरची नारळी पौर्णिमा यंदाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. म्हणून वही शेजारी उघडी ठेवून प्रत्येक पट्टीची तारीख हाताने घालावी लागते. जुन्या पानांवर जिल्हा रत्नागिरी आहे, कारण सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. कीवर्डमध्ये मी दोन्ही जिल्हे लिहितो, आणि सिंधुदुर्ग हे किल्ल्याचंही नाव असल्याने किल्ल्याच्या फोटोंना 'किल्ला' वेगळा जोडतो.