वाट दिली कोणाला, अडवली कोणाची? नगर हवेली, १९५४

तलासरी तालुक्यातलं उधवा नकाशावर शोधा. पलीकडे लगेच नगर हवेली. ११ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो इथेच शरण आला. आता प्रश्न असा: या संघर्षात सीमेवरच्या मुंबई राज्याची भूमिका काय होती?

तुम्ही पटकन म्हणाल, "काहीच नाही, लढले स्वयंसेवक." घटनाक्रम तसाच दिसतो. २२ जुलैला युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सने दादरा घेतलं. २८ जुलैला नरोली पडली, २ ऑगस्टला सिल्वासा. तिथे आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक होते. दक्षिणेकडून कम्युनिस्टांसोबत वारली उतरले. भारतीय सैन्य कुठेच नाही.

पण नकाशा परत बघा. दमण किनाऱ्यावर, दादरा आणि नगर हवेली आत, आणि मधे भारताची जमीन. दमणहून कुमक यायची तर याच जमिनीवरून. पोर्तुगालने वाट मागितली, भारताने नाकारली. स्वयंसेवक मात्र याच राज्यातून पलीकडे गेले. म्हणजे राज्याने गोळी झाडली नाही, तरी कोण पुढे जाणार आणि कोण अडकणार हे सीमेवरच ठरलं. "काही न करणं" हीसुद्धा कृती असते, ती तपासायला शिका.

हा नियम १९५४ मध्ये अचानक आला का? नाही. इथे विसाव्या शतकाचा पूर्वार्ध महत्त्वाचा. १८७८ च्या करारानुसार एका सरकारचं सैन्य दुसऱ्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ शकत नव्हतं. सशस्त्र पोलिसांसाठी १९१३ आणि १९२० मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीजांमध्ये समझोते झाले. १९४० च्या समझोत्यात दहापर्यंतच्या पोलीस तुकडीला दमण ते नगर हवेली जायला मुभा होती, पण चोवीस तासांत ब्रिटिशांना कळवायचं. कंटाळवाणे वाटणारे हेच कागद पुढे निर्णायक ठरले.

पोर्तुगाल १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. निकाल १२ एप्रिल १९६० चा. मराठ्यांनी १७७९ च्या तहानंतर दिला तो महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पोर्तुगीजांचं सार्वभौमत्व पुढे ब्रिटिशांनी व्यवहारात मानलं, असं न्यायालय म्हणालं. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांसाठी तो ८ विरुद्ध ७ ने नाकारला. आणि वाट अडवून भारताने कर्तव्यभंग केला नाही, हे ९ विरुद्ध ६ ने ठरलं. एका मताचा फरक बघा!

आता खरी अडचण. न्यायालयासमोर दोनच पक्ष होते: पोर्तुगाल आणि भारत. पण वारली समाज सीमेच्या दोन्ही बाजूंना राहतो, आणि डहाणू-तलासरी पट्ट्यात तो १९४५ पासून जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध लढत होता. त्याच्यासाठी ही लढाई सार्वभौमत्वाची होती की जमिनीची? निकालपत्रात याचं उत्तर सापडणार नाही, कारण तिथे तो प्रश्नच विचारलेला नाही.

म्हणून विषय निवडताना एवढं करा: आधी राज्याचे कागद वाचा, मग त्या कागदांत कोणाचा आवाज नाही ते लिहून काढा. बऱ्याचदा तुमचा प्रबंध त्या दुसऱ्या यादीतच असतो.