टिळक डावे की उजवे?

इथे लीड्समध्ये वाढलेल्या मुलांनी तुम्हालाही कधीतरी विचारलं असेल: टिळक लेफ्ट होते की राइट? आमच्याकडे फराळाच्या वेळी हा प्रश्न निघाला, तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "ते जहाल होते." मग लक्षात आलं, मीही शाळेच्या पुस्तकातली एक रेघच पुढे केली होती: एका टोकाला जहाल टिळक, दुसऱ्या टोकाला मवाळ गोखले.

डावे-उजवे आले १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेतल्या बसण्याच्या जागांवरून. आपले जहाल-मवाळ आले ते इंग्रज सरकारशी कसं वागायचं, या एकाच प्रश्नावरून. प्रश्न बदला, म्हणजे माणसं जागा बदलतात.

टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पण १८९१ मध्ये संमतिवय १० वरून १२ करणारा कायदा आला, तेव्हा टिळक विरोधात आणि आगरकरांचा 'सुधारक' बाजूने. मग टिळकांना सनातनी म्हणून मोकळं व्हावं? १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, आणि त्याचं कौतुक लेनिनने केलं!

जोतीराव फुले तर या रेघेवर बसतच नाहीत. इंग्रज गेल्यावर सत्ता कोणाच्या हाती येणार, हा त्यांचा प्रश्न. तो जहालांचा नव्हता आणि मवाळांचाही नव्हता.

इथलंच बघा ना. २०१६ च्या सार्वमतात लीड्सने ५०.३ टक्के मतांनी युरोपीय संघात राहायचा कौल दिला. लेबरचे मतदार दोन्हीकडे होते, कॉन्झर्व्हेटिव्हचेही.

मुलांना सांगायला मला मात्र रखमाबाई जास्त जवळच्या वाटतात. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुंबईच्या मुलीने पुढे नांदायला जायला नकार दिला. १८८७ मध्ये कोर्टाने बजावलं: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तुरुंगात जाईन, असं त्यांनी कळवलं. स्वराज्यासाठी पुढे मंडालेला जाणारे टिळक त्यांच्या विरोधात होते. शेवटी तडजोड झाली, आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला आल्या, त्याच इंग्रजांच्या राजधानीत. तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकून त्या डॉक्टर झाल्या, परत गेल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले.