देवयानीच्या दिशेने आलेला निरोप
(एका पुसलेल्या मालिकेची आणि उरलेल्या कादंबरीची हकिकत)

भाऊराव कोल्हटकरांचा आवाज आज कोणालाही ऐकता येत नाही. बडोद्याचे हे गायक नट १८८२ साली किर्लोस्कर मंडळीत आले, त्यांच्या सुभद्रेने आपल्या पणजोबांच्या पिढीला वेड लावले; पण १९०१ साली ते गेले, आणि हिंदुस्थानात ग्रामोफोनसाठी गाणी घेण्यास सुरुवात झाली ती १९०२ च्या अखेरीस. पावणेदोन वर्षांची चुकामूक! आपल्या हाती उरले ते ‘सौभद्र’चे छापील पुस्तक. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी लिहिलेली ती अक्षरे आहेत, म्हणूनच तो आवाज काय गात होता एवढे तरी आपल्याला कळते.

आवाज गेला, अक्षर उरले, ही गोष्ट यंत्रे नव्हती त्या काळाची, अशी आपली समजूत असते. ती पुरती खरी नाही. यंत्राच्याच पोटी जन्मलेल्या दूरचित्रवाणीतही असे घडले आहे, तेही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि इंग्लंडसारख्या देशात. त्यातल्या एका मालिकेची आणि तिच्यावरून लिहिलेल्या कादंबरीची ही हकिकत. तिचा एक धागा आपल्या कोल्हापूरपर्यंत येतो.

३ ऑक्टोबर १९६१ रोजी बीबीसीवर ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची विज्ञानमालिका सुरू झाली आणि १४ नोव्हेंबरला संपली. लेखक दोघे. एक जॉन एलियट, हे बीबीसीतले मुरलेले लेखक-निर्माते. दुसरे केंब्रिजचे विख्यात खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. आपल्या शरीरातला कार्बन आणि लोह ताऱ्यांच्या पोटात कसे शिजते, हे ज्या शास्त्रज्ञांनी १९५७ साली उलगडून दाखवले त्यांत हॉइल होते. त्याच वर्षी त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही पहिली कादंबरी आली. आणि त्याच वर्षी कोल्हापुरात जन्मलेला, काशीत शिकलेला एक एकोणीस वर्षांचा मराठी तरुण केंब्रिजला पोहोचला. तो पुढे हॉइल यांचाच शिष्य झाला. त्याचे नाव जयंत विष्णू नारळीकर.

१९६१ हे वर्ष गुरुशिष्यांना धामधुमीचे गेले. विश्व सदैव आहे तसेच असते, हा हॉइल यांचा स्थिरस्थिती सिद्धांत. रेडिओ दुर्बिणीतून मिळालेल्या नोंदींच्या आधारे केंब्रिजच्याच मार्टिन राइल यांनी त्या वर्षाच्या सुरुवातीला त्यावर जोराचा हल्ला चढवला. वर्षारंभी रेडिओ दुर्बीण हॉइल यांच्या सिद्धांताविरुद्ध साक्ष देत होती, आणि शरद ऋतूत त्यांच्याच मालिकेतली रेडिओ दुर्बीण आकाशातून एक निरोप घेऊन आली!

निरोपाची कल्पना हवेतून आलेली नव्हती. परग्रहावर कोणी असेल तर रेडिओलहरींतून त्याच्याशी बोलता येईल, असा निबंध कोक्कोनी आणि मॉरिसन यांनी १९५९ साली ‘नेचर’मध्ये लिहिला होता. १९६० साली अमेरिकेत फ्रँक ड्रेक यांनी तशी हाक ऐकू येते का ते पाहण्यासाठी दोन ताऱ्यांकडे दुर्बीण लावली होती. मात्र हॉइल एक पाऊल पुढे गेले. ताऱ्याताऱ्यांतले अंतर इतके अफाट की तिथून कोणी देहाने येणे कठीण. येऊ शकते ती फक्त माहिती. मग शहाणा परग्रहवासी यान कशाला पाठवील? तो कृती पाठवील, आणि करणारे हात इथलेच वापरील.

मालिकेत तेच होते. नव्या दुर्बिणीवर देवयानी तारकासमूहाच्या दिशेने संदेश येतो. फ्लेमिंग नावाचा तरुण शास्त्रज्ञ ओळखतो, की हे पत्र नव्हे. हा एका प्रचंड संगणकाचा आराखडा आहे, आणि तो कसा चालवावा याच्या आज्ञाही सोबत आहेत. स्कॉटलंडमधल्या लष्करी तळावर ते यंत्र उभे राहते. ते माणसांना प्रश्न विचारते, माणसाच्या शरीराचे रसायन शिकून घेते. यंत्रापाशी काम करणाऱ्या क्रिस्टीन या तरुणीचा विजेच्या धक्क्याने बळी जातो, आणि थोड्याच काळात यंत्राने दिलेल्या कृतीवरून प्रयोगशाळेत हुबेहूब तिच्याच चेहऱ्याची एक स्त्री घडवली जाते. तिचे नाव अँड्रोमेडा, म्हणजे आपली देवयानी. सरकारला तिच्यात सामर्थ्य दिसते, व्यापाऱ्यांना नफा दिसतो. फ्लेमिंगला एकट्याला प्रश्न पडतो, की आपण यंत्र वापरतो आहोत की यंत्र आपल्याला वापरते आहे?

क्रिस्टीन आणि अँड्रोमेडा या दोन्ही भूमिका एकाच नवख्या मुलीने केल्या. आसामातल्या चहाच्या मळ्यावर जन्मलेली ही ज्यूली ख्रिस्ती पुढे जगप्रसिद्ध झाली. ‘डार्लिंग’ या १९६५ च्या चित्रपटासाठी तिला ऑस्कर मिळाले.

मालिका गाजली. पुढल्याच वर्षी, १९६२ साली, ‘द अँड्रोमेडा ब्रेकथ्रू’ हा सहा भागांचा उत्तरार्ध आला, त्यात नायिकेच्या जागी सुझन हॅम्पशायर होती. आणि मग मूळ मालिका पुसली गेली.

हे कोणी दुष्टाव्याने केले नाही. त्या काळी चित्रफीत महाग होती आणि पाटीसारखी पुसून पुन्हा वापरता येत असे. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम वाटेल तेव्हा दाखवता येत नव्हते. जे पुन्हा दाखवायचे नाही ते ठेवायचे कशाला, असा सरळ हिशेब. संग्रह नीट जपण्याचे धोरण १९७८ च्या सुमारास ठरले, तोवर बरेच काही गेले होते. ‘ए फॉर अँड्रोमेडा’च्या सात भागांपैकी सहावा तेवढा अखंड मिळाला, तोही २००५ साली, एका खाजगी संग्रहातून. इतर भागांचे काही तुकडे आणि प्रक्षेपण चालू असताना पडद्यावरून टिपलेली छायाचित्रे, एवढेच हाती आहे.

पण १९६२ साली हॉइल आणि एलियट या दोघांच्या नावाने त्याच कथेची कादंबरी निघाली होती. मालिका पुसली गेली तरी कादंबरी दुकानात होती, ग्रंथालयात होती, लोकांच्या घरी होती. सामान्य वाचकाला ती कथा आदिपासून अंतापर्यंत भेटत राहिली ती या पुस्तकातून.

मालिकेवरून केलेल्या कादंबरीला साहित्यात मान नसतो. जेवण झाल्यावर उरल्यासुरल्याचे काही करावे, तसे ते काम समजले जाते. नाटकाची संहिता प्रयोगाच्या आधीची, म्हणून ती थोरली. ही कादंबरी मालिकेच्या मागून येणारी, म्हणून धाकटी. पण धाकटीचे कामही सोपे नसते. पडद्यावर अँड्रोमेडा पहिल्यांदा समोर येते तेव्हा कोणी काही बोलण्याची गरज नसते. मेलेल्या मुलीचा चेहराच प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणतो. कागदाला चेहरा नाही. ते साम्य शब्दांनी सांगावे लागते, आणि जास्त सांगितले तर काटा येत नाही. मालिकेत एक भाग संपला की आठवडाभर घराघरांत तर्क चालतात. रविवारची ‘रामायण’ मालिका ज्यांनी १९८७-८८ साली पाहिली, त्यांना हे वेगळे सांगायला नको. कादंबरीत पान उलटले की उत्तर हजर. म्हणजे वाट पाहण्याची ओढही वाक्यांतच भरावी लागते.

हे काम करण्याच्या वाटाही निरनिराळ्या आहेत. नायजेल नील यांच्या ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ या १९५३ च्या मालिकेचे सहापैकी पहिले दोनच भाग आज आहेत. तिची संहिता मात्र पेंग्विनने १९५९ साली जशीच्या तशी छापली. ही झाली प्रामाणिक नक्कल. डेव्हिड व्हिटेकर यांची वाट नेमकी उलटी. ‘डॉक्टर हू’ मालिकेतली डालेक या यंत्रवत प्राण्यांची पहिली कथा टेरी नेशन यांनी लिहिली, आणि १९६४ साली व्हिटेकर यांनी तिची कादंबरी केली. त्यांनी सुरुवातच बदलली. मालिकेत दोन शिक्षक आपल्या विद्यार्थिनीच्या मागोमाग एका भंगाराच्या आवारात शिरतात. पुस्तकात धुक्याच्या रात्री माळावर मोटारीला अपघात होतो, आणि सारी कथा इयन हा नायक स्वतःच्या तोंडाने सांगतो. मालिकेत नसलेला काचेचा डालेकही त्यांनी पुस्तकात आणला. कागदावर काच फुकट असते!

हॉइल आणि एलियट यांची वाट या दोहोंच्या मधली. मालिकेचे लेखक तेच, कादंबरीचेही तेच. कथा त्यांनी मोडली नाही, पण कॅमेऱ्याने जे दाखवले ते वाक्यांत नव्याने रचले. ही कथा पुढेही जगली. १९७२ साली इटलीच्या दूरचित्रवाणीने तिची पाच भागांची मालिका केली. २००६ साली खुद्द बीबीसीने ती पुन्हा उभी केली. ज्या घरातून ती पुसली गेली होती, त्याच घरात ती परत आली.

या गोष्टीत एक गंमत दडलेली आहे. मालिकेचा विषयच मुळी हा होता, की देह पोहोचत नाही, माहिती पोहोचते. आणि ज्याच्या हाती ती पडते तो आपल्या साहित्यातून पुन्हा देह घडवतो. मालिकेच्या नशिबी तेच आले. तिचा देह, म्हणजे चित्रफीत, गेला. उरलेल्या अक्षरांवरून दुसऱ्यांनी दुसरे देह घडवले. मात्र फ्लेमिंगची शंकाही विसरून चालणार नाही. क्रिस्टीनच्या चेहऱ्याची स्त्री म्हणजे क्रिस्टीन नव्हे. कादंबरीत कथा सगळी आहे, पण १९६१ च्या शरदात ज्यूली ख्रिस्तीने पाहिलेली नजर तिच्यात नाही. सहावा भाग सापडला तेव्हा लोकांना आनंद झाला तो त्या नजरेसाठी.

नारळीकर भारतात परतले आणि १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. ती पहिली आली. पुढे त्यांनी ‘वामन परत न आला’ ही कादंबरी लिहिली. तीत भूगर्भात सापडलेल्या एका प्राचीन ठेव्यातल्या माहितीवरून यंत्रमानव घडवला जातो. निरोप आकाशातून न येता जमिनीतून आला, आणि बटू म्हणून आलेला वामन किती पावले टाकील हा आपल्या पुराणातला प्रश्न त्याच्या नावातच बसवलेला होता. गुरूच्या कथेशी तिचे नाते किती, हे वाचकाने दोन्ही वाचून ठरवावे. हॉइल २००१ साली गेले, नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. दोघांच्या कथा आहेत.

आपण सीमाभागातली, दोन भाषांतली माणसे रोजच हे रूपांतराचे काम करतो. आजीने मराठीत सांगितलेली गोष्ट नात शाळेतल्या मैत्रिणीला कानडीत, कोकणीत, गुजरातीत नाहीतर हिंदीत सांगते. आजीचा हेल त्यात येत नाही, पण गोष्ट पोहोचते. गोष्टीसोबत हेलही राहावा असे वाटत असेल, तर दोन्ही कामे वेळेवर व्हायला हवीत. आज आवाज टिपायला खिशातला फोन पुरतो, आणि अक्षराला वही पुरते. भाऊरावांच्या वेळी यंत्र पोहोचायला पावणेदोन वर्षे उशीर झाला. बीबीसीजवळ यंत्र होते, पण ठेवण्याची बुद्धी मागून आली. आपल्याजवळ यंत्र आहे, आणि आजीही अजून सांगते आहे.