दासगाव ते लोणेरे : परीक्षेची वाट

परीक्षा सर्वांना सारखी असते, असे प्रस्थापित समाज मोठ्या अभिमानाने सांगत आला आहे. प्रश्नपत्रिका सारखी असते, हे खरे. परीक्षेच्या दारापर्यंत येणारी वाट मात्र कधीच सारखी नव्हती. जुन्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याचा इतिहास याला साक्षी आहे.

महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले. त्याच परिसरातल्या दासगावात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे (जन्म १९०३) शिष्यवृत्तीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले, आणि तरीही महाडच्या इंग्रजी शाळेत त्यांना प्रवेश नाकारला गेला. या पोराने वर्तमानपत्राला पत्र धाडले, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. बसण्याची जागा तरीही वेगळीच. गुण दोघांकडेही होते. फरक जातीचा होता. याच मोऱ्यांनी पुढे मार्च १९२७ च्या महाड परिषदेच्या उभारणीत मोठा वाटा उचलला.

बाबासाहेबांचे उदाहरण आपण नेहमी बुद्धिमत्तेसाठी देतो. मला ते नियोजनासाठी द्यावेसे वाटते. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा सोडून त्यांना परतावे लागले. चार वर्षांत परत येण्याची परवानगी तेवढी हाती होती. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राचे कर्ज, अशी पैशांची जुळणी करून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्‌सी., १९२३ मध्ये डी.एस्‌सी. आधी मुदत मोजली, मग पैसा उभा केला, मग पुस्तक उघडले. हा क्रम महत्त्वाचा आहे.

आज त्याच महामार्गावर लोणेऱ्याला १९८९ पासून बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे आहे. तिथली आमची मुले पदव्युत्तर प्रवेशासाठी 'गेट' देऊ इच्छितात. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, आणि सारे इंग्रजीत. परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे तयारीचे निम्मे दिवस कोकणातल्या पावसात जातात. शहरातल्या शिकवणी वर्गांच्या वेळापत्रकात हा पाऊस नसतो. शेतावरची लावणी नसते, कारखान्यातली पाळी नसते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सांगतो : आपले नसलेले तास आधी कागदावर लिहा. उरतील त्यांतच योजना बसवा. जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. पहिली आजच सोडवा, म्हणजे कच्चे विषय कळतील. सामान्य क्षमतेचे १५ गुण सगळ्या शाखांना असतात, ते सोडू नका. बहुपर्यायी प्रश्नात चूक झाली की गुण कापले जातात, अंकात उत्तर लिहायच्या प्रश्नात कापले जात नाहीत. तेव्हा अंदाज कुठे करायचा ते ठरवून जा. गुणांक तीन वर्षे चालतो, म्हणजे घरासाठी नोकरी धरावी लागली तरी वाट बंद होत नाही.

आणि एकट्याने अभ्यास करू नका. विहारात चारजण बसा. एकाची पुस्तके पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या हाती गेली पाहिजेत. मोऱ्यांना प्रवेशासाठी एकट्याने पत्र लिहावे लागले होते. आपल्या मुलांवर ती वेळ का यावी?