दहा फुटांच्या खोलीत पंचावन्न इंच

जुना टीव्ही बदलून मोठा घ्यायचा विषय घरात निघाला की एक मत हमखास ऐकू येते. हॉल दहा फुटांचा आहे, त्याला बत्तीस इंच पुरे, फार तर त्रेचाळीस. त्यापुढे गेलात तर डोळे जातील आणि भिंत भरून उरेल ती नुसती हौस. घरातल्या वडीलधाऱ्यांपासून फर्निचर करणाऱ्या सुतारापर्यंत सगळेच हे इतक्या खात्रीने सांगतात, की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. मला ती वाटते. हे मत एका यंत्राच्या बाबतीत पूर्ण खरे होते. ते यंत्र आपल्या घरांतून गेले, पण मत मागे राहिले. आज आपल्या बहुतेक घरांतला टीव्ही, बसण्याच्या अंतराच्या मानाने, लहान आहे.

आधी पूर्वपक्षाला त्याचे श्रेय द्यायला हवे. लांब बसण्याचा सल्ला अंधश्रद्धेतून आलेला नाही. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या मोठ्या रंगीत टीव्हींतून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे उघड झाले. सुमारे नव्वद हजार संच दुरुस्तीसाठी परत घ्यावे लागले, आणि सहा फुटांहून जवळ बसून फार वेळ पाहू नका, असे तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना सांगावे लागले. पुढच्याच वर्षी अशा किरणोत्सर्गावर मर्यादा घालणारा कायदा झाला. शिवाय चित्रनळीच्या टीव्हीचा आपला असा दोष होता. आपल्याकडच्या प्रक्षेपणात ६२५ रेषा, त्यांतल्या चित्राच्या ५७६; त्याही एकाआड एक, सेकंदाला ५० वेळा उजळणाऱ्या. जवळून त्या रेषा सुट्ट्या दिसत. डोळ्याच्या कडेची दृष्टी लुकलुक टिपण्यात मधल्या दृष्टीपेक्षा तरबेज असते, त्यामुळे मोठ्या नळीसमोर जवळ बसले की डोके खरोखर चढत असे. अशा पडद्यापासून चित्राच्या उंचीच्या सहापट अंतरावर बसावे, हा अभियंत्यांचाही हिशेब होता. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हापासून पुढच्या तीन-साडेतीन दशकांत आपल्या घरांची मांडणी या सहापटीवर बसली. टीव्ही एका कोपऱ्यात आणि माणसे समोरच्या भिंतीला टेकून, हे चित्र त्यातूनच आले.

आता उत्तरपक्ष. सपाट पडद्यात इलेक्ट्रॉनचा झोत नाही आणि त्याला लागणारा हजारो व्होल्टचा दाबही नाही, म्हणून क्ष-किरणांचा प्रश्नच उरत नाही. रेषा आणि लुकलुक गेली. मग सहापट कशासाठी पाळायची?

याचे उत्तर जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने फार आधी शोधायला घेतले होते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथल्या संशोधकांनी प्रश्नच वेगळा विचारला: चित्र ‘बरे दिसते’ याऐवजी ‘आपण तिथे आहोत’ असे पाहणाऱ्याला केव्हा वाटते? प्रयोगांतून निघाले ते असे, की पडद्याने नजरेचा सुमारे ३० अंशांचा कोन व्यापला पाहिजे, आणि त्यासाठी चित्राच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसले पाहिजे. तेवढ्या जवळून रेषा दिसू नयेत म्हणून त्या दुप्पट करणे भाग होते. आज आपण ज्याला एचडी म्हणतो ते या गणितातून जन्मले. म्हणजे क्रम लक्षात घ्या. आधी मोठा पडदा आणि जवळचे अंतर ठरले, आणि त्यांच्यासाठी बारकाईचे चित्र घडवले गेले. एचडी टीव्ही घेऊन सहापट अंतरावर बसणारा माणूस ज्या कामासाठी ते तंत्र बनले तेच काम त्याला करू देत नाही.

हा हिशेब आपल्या हॉलला लावून पाहू. खोलीची रुंदी दहा फूट, सोफा भिंतीला टेकलेला. माणसाच्या डोळ्यांपासून समोरच्या भिंतीवरचा टीव्ही सुमारे आठ फुटांवर येतो. आठ फूट म्हणजे २४४ सेंटीमीटर, त्याचा तिसरा भाग ८१. एवढी उंची असलेला पडदा ६५ इंची असतो. बत्तीस इंची पडद्याची उंची जेमतेम ४० सेंटीमीटर, आणि आठ फुटांवरून तो १६-१७ अंश व्यापतो. त्रेचाळीस इंची २२ अंश, पंचावन्न इंची २८. म्हणजे ज्या पंचावन्न इंचांना आपण अवाढव्य म्हणतो ते दहा फुटांच्या खोलीतही एनएचकेच्या ३० अंशांपर्यंत पोहोचत नाहीत.

दुकानातल्या इंचांनी आपली आणखी एक फसगत केली आहे. इंच कर्णाचे असतात, आणि जुना पडदा चारास तीन होता, नवा सोळास नऊ. एकोणतीस इंची नळीचा टीव्ही देऊन ज्यांनी बत्तीस इंची एलईडी घेतला, त्यांना वाटले आपण मोठा घेतला. रुंदी वाढली, हे खरे. पण जुन्या नळीत दिसणाऱ्या चित्राची उंची सुमारे ४१ सेंटीमीटर होती, म्हणजे नव्याहून किंचित जास्तच. त्यात रुंद पडद्याचा सिनेमा लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र जेमतेम ३० सेंटीमीटर उरते, जुन्या एकवीस इंची टीव्हीतल्या चित्राएवढे. माणसाचा चेहरा उंचीने मोजला जातो. नटाच्या डोळ्यांतला बदल दिसावा यासाठी कॅमेरामन जीव ओततो, आणि आपण तो टपालाच्या तिकिटावर पाहतो.

डोळ्यांचा आक्षेप सगळ्यांत मनापासून घेतला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. डोळ्याला श्रम पडतात ते मुख्यतः जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करताना. आठ फुटांवरच्या वस्तूसाठी भिंगाला सुमारे ०.४ डायॉप्टर जोर लावावा लागतो. फूटभर अंतरावरच्या मोबाइलसाठी ३.३, म्हणजे आठपट. आता मोबाइल आडवा धरून सिनेमा पाहणाऱ्या मुलाकडे पाहा. साडेसहा इंची फोन फूटभर अंतरावर २७ अंश व्यापतो, आणि आठ फुटांवरचा पंचावन्न इंची टीव्ही २८. नजरेत भरणारे चित्र तेवढेच, श्रम मात्र आठपट. ज्या घरात मुलाच्या हातात फोन आहे त्या घराने मोठ्या टीव्हीला डोळ्यांसाठी नाही म्हणावे, हे मला पटत नाही.

मुलांना चष्मा लागण्याची कारणे शोधणाऱ्यांचे लक्ष अलीकडे दुसरीकडेच गेले आहे. सिडनीतल्या शाळकरी मुलांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जी मुले घराबाहेर उजेडात जास्त वेळ असत त्यांच्यात लघुदृष्टी कमी आढळली. तैवानने २०१० पासून मुलांनी रोज दोन तास बाहेर घालवावेत यासाठी शाळांमधून मोहीमच चालवली. टीव्हीला नाक लावून बसणारे मूल दिसले तर अनेकदा कार्यकारण उलटे असते: त्याला आधीच लांबचे नीट दिसत नाही, म्हणून ते पुढे सरकते. त्याला ओरडण्याआधी डोळे तपासून घ्यावेत.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे काय? ज्यांची दृष्टी ६/१२ वर आली आहे त्यांना तोच तपशील दिसण्यासाठी तो दुप्पट मोठा लागतो. बातम्यांची खालची पट्टी, सामन्याचा धावफलक, मल्याळम सिनेमाखालची मराठी किंवा इंग्रजी उपशीर्षके त्यांना वाचता येत नाहीत, आणि ते तसे सांगतही नाहीत. हळूहळू पाहणे सोडून देतात. बत्तीसच्या जागी पासष्ट इंच म्हणजे बसल्या जागी अक्षर दुप्पट. मोठ्या टीव्हीच्या बाजूने माझ्या मते याहून मोठा मुद्दा नाही, आणि तोच घरातल्या चर्चेत कोणी मांडत नाही.

मात्र एका आक्षेपापुढे मान तुकवावीच लागते. ‘मोठ्या टीव्हीवर चॅनेल फुटलेले दिसतात’, असे जे म्हणतात ते खरे सांगतात. घरात अजून साध्या दर्जाचा सेट-टॉप बॉक्स असेल तर चित्र त्याच जुन्या ५७६ रेषांचे येते. पंचावन्न इंचांवर ते ताणले की त्यातला प्रत्येक ठिपका सव्वा मिलिमीटरच्या आसपास जातो, आणि निरोगी डोळ्याला तो चार मीटरपर्यंत वेगळा कळतो. अशा घरात आठ फुटांवर बत्तीस इंचच बरोबर आहे, सहापटीचा जुना नियम तिथे आजही लागू पडतो. ज्यांना फक्त तेच चॅनेल पाहायचे आहेत त्यांनी मोठ्या पडद्यावर पैसे घालू नयेत, किंवा आधी एचडी बॉक्स घ्यावा. इथे दोष पडद्याच्या आकाराचा नसून त्यात ओतल्या जाणाऱ्या चित्राचा आहे.

याच मोजमापाने दुकानदाराचे मतही तपासायला हवे, कारण तेही तितकेच चुकीचे आहे. त्रेचाळीस इंचांत ‘फोर-के’ घ्या, चित्र चारपट स्पष्ट, असे तो सांगतो. त्रेचाळीस इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके ६/६ दृष्टीच्या माणसाला १.७ मीटरपलीकडून, म्हणजे साडेपाच फुटांनंतर, वेगळे दिसतच नाहीत. आठ फुटांवर बसून त्यात चौपट ठिपके भरल्याचा उपयोग कोणाला होणार? फोर-केचा लाभ पडदा वाढला तरच पदरी पडतो, आणि एट-के तर आपल्या हॉलसाठी नाहीच.

मोठा टीव्ही घेतल्यावर मान दुखते अशी तक्रार येते, ती आकारामुळे नव्हे तर टांगण्याच्या उंचीमुळे. शोकेसच्या वरच्या फळीवर किंवा देवाच्या तसबिरीच्या रांगेत टीव्ही चढवण्याची आपली सवय चौदा इंची संचाच्या काळातली आहे. तेव्हा खाली बसलेल्या वीस जणांना तो दिसायला हवा होता. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतात, पडद्याचा मध्य तिथेच यावा. दुकानातला भगभगीत उजेड घरी आणल्यावर कमी करावा आणि रात्री खोलीत मागे एक मंद दिवा ठेवावा. एवढे केले तर डोळ्यांची बहुतेक तक्रार संपते. विजेचे म्हणाल तर पंचावन्न इंची एलईडी संच साधारण सव्वाशे वॅट घेतो, रोज चार तासांना अर्धा युनिट.

उरला चैनीचा आरोप. सरकारनेही बरीच वर्षे तसेच मानले होते. २०१९ पासून बत्तीस इंचांपर्यंतच्या टीव्हीवर वस्तू व सेवा कर १८ टक्के, त्याहून मोठ्यावर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्यांवरही १८ टक्केच आहे. कर्ज काढून टीव्ही घ्या, असे मी कोणालाही सांगणार नाही. चालणारा संच नुसता शेजाऱ्याकडे मोठा आला म्हणून फेकणेही मला मान्य नाही. पण जुना बदलायची वेळ आलीच असेल, तर आकार खोलीच्या भीतीने किंवा सुताराने आधीच करून ठेवलेल्या खणाच्या मापाने ठरवू नका. सोफ्यावर बसा, डोळ्यांपासून भिंतीपर्यंत टेप लावा आणि अंतर इंचांत लिहून घ्या. एचडी किंवा ओटीटी पाहत असाल तर त्याच्या दोन तृतीयांशाच्या जवळ जा, साधी केबल पाहत असाल तर एक तृतीयांशावर थांबा. आठ फुटांना हे आकडे चौसष्ट आणि बत्तीस येतात.